तक्रारीनंतरचे दिवस

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, मुलाच्या आईने आणि बापाने. नावं छापू नयेत असं आम्हीच संपादकांना कळवलं. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई आहे. नाव, पत्ता, फोटो, घरचे लोक, शाळा, शेजार, सगळं त्यात येतं. म्हणून मोहल्ला लिहिलेला नाही, वय लिहिलेलं नाही, आणि मुलगा की मुलगी तेही लिहिणार नाही. मराठीत 'मूल' हा शब्द आहे, तो आमच्या कामाचा आहे. एवढंच सांगतो की आम्ही नाशिकचे, मूल तेव्हा प्राथमिक शाळेत होतं, आणि ज्याने हे केलं तो आमच्या घरी येणारा-जाणारा, ईदला आमच्याकडे शीरखुर्मा पिऊन गेलेला माणूस होता.

काय झालं ते सांगायचं नाही. प्रकरण कोर्टात आहे, आणि ते सांगून कुणाचं भलंही होणार नाही. सांगायचं आहे ते त्यानंतरचं. अशा वेळी मुलासाठी कुठे जायचं, कुणाकडे काय मागायचं, हे आम्हाला एका जागी कुणीच सांगितलं नाही. एक गोष्ट अंगणवाडीच्या बाईंकडून कळली, दुसरी कोर्टाच्या जिन्यावर, तिसरी तीन महिन्यांनी. दुसऱ्या एखाद्या घराला ती पहिल्याच आठवड्यात कळावी म्हणून हे लिहितो आहोत.

मुलाने सांगितलं ते रात्री, झोपताना. आदल्या दिवशीचीच गोष्ट होती. घरात नानी होत्या. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "पहले गुस्ल देके बच्चे को पाक करो." मायेनेच म्हणाल्या. पण आम्ही शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंना बोलावलं होतं, त्यांनी हात जोडून थांबवलं. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न भरता कागदी पिशवीत ठेवा, आणि आत्ताच दवाखान्यात चला. नानींना त्या म्हणाल्या, "अम्मा, त्याने काय केलंय नापाक व्हायला?" नानी गप्प झाल्या आणि मुलाला जवळ घेऊन बसल्या. आपल्या दीनमध्ये तर मूल बालिग होईपर्यंत त्याच्या खात्यात गुनाह लिहिलाच जात नाही. इथे तर गुनाह दुसऱ्याचा होता.

दवाखान्याची घाई पुराव्यासाठी असते असं आम्हाला वाटलं होतं. ती त्याहून जास्त मुलासाठी असते. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून जी औषधं देतात ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. वयात आलेल्या मुलीला गर्भ राहू नये म्हणून द्यायच्या गोळीचंही तसंच. आम्ही आधी जवळच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथे सांगितलं, पोलिसांचं पत्र आणा, मग बघू. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पण प्रत्येक घराने एक गोष्ट पाठ करून ठेवावी: २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे तातडीच्या उपचारासाठी डॉक्टरला पोलिसांचं पत्र किंवा कसलाही कागद आधी मागता येत नाही. गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते. दवाखाना सरकारी असो की खासगी, पहिला उपचार ताबडतोब आणि फुकट द्यावा लागतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो. जुन्या नाशकातल्या लोकांना कथड्याचं महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय जवळ पडतं. तपासणीच्या वेळी आई, बाप किंवा मुलाचा ज्याच्यावर भरवसा आहे असं कुणीतरी जवळ असायला हवं. मुलगी असेल तर तपासणारी डॉक्टर बाईच हवी.

अंगणवाडीच्या बाईंनी त्या रात्री आमच्याच फोनवरून १०९८ लावला. ही मुलांची हेल्पलाइन. १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आणि २०२३ पासून सरकारच ती चालवतं. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते. हा नंबर शाळेच्या भिंतीवर आम्ही शंभर वेळा पाहिला होता. तो घर सोडून पळालेल्या मुलांसाठी असतो अशी आमची समजूत होती.

आता जबाबाबद्दल. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांना इथे एक वेगळी अडचण येते. मुलाला ठाण्यात न्यावं लागत नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेतात, शक्यतो फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि वर्दी न घालता. आमच्याकडे आलेल्या मॅडम पंजाबी ड्रेसमध्ये आल्या होत्या. मूल त्यांना शाळेतल्या टीचर समजलं. त्या चांगल्या होत्या. अडचण भाषेची होती. मूल शाळेत मराठी बोलतं, आमच्याशीही कधी मराठी, कधी आपली घरची बोली. पण घाबरलं की फक्त घरची बोली. त्याने सांगितलं, "मेरेकू सताते वो." लिहून घेणाऱ्याने कागदावर 'छेड काढतात' असं लिहिलं. आता आपल्या घरात 'सताना' म्हणजे किती काय काय असतं! चिडवणंही त्यात येतं आणि छळणंही. आमच्यापैकी एकाने धीर करून म्हटलं की मूल जसं बोललं तसंच लिहा. मॅडमनी लगेच दुरुस्त करून घेतलं, आणि मग मुलाला विचारलं, सताते म्हणजे काय करतात? त्यावर जे उत्तर आलं त्यावर प्रकरण उभं आहे. कायद्याच्या कलम २६ मध्ये हे स्पष्ट आहे की जबाब मुलाच्या बोलण्याप्रमाणे, आईबापाच्या किंवा विश्वासाच्या माणसाच्या समोर लिहायचा. गरज पडली तर दुभाषी मागता येतो.

याच ठिकाणी दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. शरीराच्या त्या भागांना आपल्या घरात शब्दच नसतात. 'शरमगाह' हा शब्द मोठ्यांचा. मुलांना आपण 'छी' म्हणून गप्प करतो. मग मूल सांगणार कसं? पाकी-नापाकी, इस्तिंजा, पडदा हे सगळं आपण लहानपणी शिकवतो, तिथेच हे शब्दही शिकवता येतात. त्यासाठी वेगळा तास नको.

तक्रार झाल्यावर तिसऱ्या दिवशी वडीलधारी मंडळी घरी आली. बसून मिटवू, दोन्ही घरं आपलीच आहेत, मुलाच्या आयुष्याचा विचार करा, असं म्हणाली. एकाने चार गवाह कुठे आहेत असंही विचारलं. आम्ही उत्तर दिलं नाही. बरोबर आलेल्या मौलाना साहेबांनीच दिलं. सूरह नूरमधली चार साक्षीदारांची अट पाक बायकांवर तोहमत घेणाऱ्यांना आवरण्यासाठी आहे, ती जुल्म झालेल्या मुलाचं तोंड बंद करण्यासाठी नाही, असं ते म्हणाले. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत इन्साफवर उभं राहायला सांगितलं आहे, मग तो स्वतःच्या किंवा आईबापाच्या, नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना, हेही त्यांनी सांगितलं. त्यानंतर चहा झाला आणि मंडळी उठली. कायद्याचं म्हणाल तर पोक्सोचा गुन्हा जमातीत बसून मिटवता येतच नाही. इतकंच नाही, ज्याला माहीत आहे त्याने कळवलं नाही तर कलम २१ खाली तोच गुन्हेगार ठरतो, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मिटवायला येणाऱ्यांना हे नम्रपणे सांगावं. बहुतेकांना माहीत नसतं.

बदनामीची भीती आम्हालाही होती, आजही आहे. पण तो माणूस परका नव्हता, आणि असे लोक बहुधा परके नसतातच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की अशा प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. मुलगा आहे, त्याचं काय जातं, असं म्हणणाऱ्यांसाठीही एक आकडा आहे. केंद्र सरकारने २००७ साली तेरा राज्यांत बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या डोंगराळे गावी एका चिमुरडीवर अत्याचार करून तिला मारण्यात आलं, तेव्हा मालेगाव रस्त्यावर उतरलं. सगळ्या समाजांचे लोक होते. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींच्या प्रकरणात लोकांनी रेल्वे रोखली. तिथल्या आईबापांना तक्रारीसाठी ठाण्यात तासन्‌तास बसून राहावं लागलं होतं. हा राग आमच्याही मनात आहे. पण आमच्या घरी फाशीबद्दल बोलायला तीस जण आले असतील. मुलाला दवाखान्यात कोण नेतं, रिक्षाला पैसे आहेत का, तुमच्या मजुरीचे किती दिवस बुडाले, हे विचारणारे तीनच निघाले.

एक भीती मात्र अगदी खोटी निघाली. पोलिसांनी सांगितलं की चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं. नाशिकमध्ये बालकल्याण समिती म्हटलं की लोकांना उंटवाडीचं निरीक्षणगृह आठवतं, आणि निरीक्षणगृह म्हटलं की 'रिमांड होम'. नानींनी तर मुलाला मालेगावला पाठवून द्यायची तयारी केली. तसं काही होत नाही. आरोपी त्याच घरात राहत असेल, किंवा मुलाला घर नसेल, आईबाप नसतील, तेव्हाच मुलाला घराबाहेर ठेवायचं का याचा विचार समिती करते, आणि तोही मुलाचं म्हणणं ऐकून. आमच्यासारख्या घरात मूल घरीच राहतं. समितीकडे जाण्याला घाबरू नका, कारण सगळ्यात मोठी मदत तिथूनच मिळते.

ती मदत म्हणजे सहायक व्यक्ती. हे दोन शब्द आम्हाला तीन महिने माहीत नव्हते. मुलाच्या आणि आईबापाच्या संमतीने समिती एक माणूस नेमते. तपास आणि खटला संपेपर्यंत मुलाबरोबर राहणं, दवाखान्यात आणि कोर्टात सोबत येणं, प्रकरण कुठवर आलं ते घरच्यांना सांगत राहणं, मुलाला काय हवं-नको ते समितीला कळवणं, हे त्याचं काम. गुपित राखणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बजावलं की ही मदत आईबापाने मागितली तरच द्यायची अशी नाही, ती मिळते हे त्यांना सांगितलंच पाहिजे. आम्हाला ते सांगितलं कोर्टाच्या जिन्यावर भेटलेल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईने. साध्या कागदावर अर्ज लिहिला, 'आमच्या मुलाला सहायक व्यक्ती मिळावी', पोच घेतली. एका टेबलावर आम्हाला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा अर्ज घेतला. नियमांत आणखी एक सोय आहे: तुम्ही तुमच्या विश्वासाच्या माणसाची किंवा संस्थेचीही मदत घेऊ शकता.

आमच्याकडे ज्या ताई आल्या त्या मुलाशी पहिल्या दोन भेटींत त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. पतंग, मांजर, गणिताची वही, बस. मुलाकडून हकीकत पुन्हा पुन्हा ऐकायची नाही, हे त्यांनी आम्हालाही बजावलं. आलेली प्रत्येक फुफी, प्रत्येक चाची मुलाला जवळ ओढून "क्या हुआ था बेटा" विचारत होती. ताईंनी दारावर जणू पहारा बसवला. म्हणाल्या, लोक म्हणतील यांनी माणुसकी सोडली, म्हणू द्या.

मनाच्या उपचाराबद्दल आमचा असा समज होता की आधी निकाल लागू दे, मग ते बघू. ताईंनी तो काढून टाकला. खटला खटल्याच्या चालीने चालेल, मूल आज रात्री झोपत नाही. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात झाली. मुलाला गादीत शू व्हायला लागली होती, एकटं संडासात जात नव्हतं, आणि मोठ्या आवाजात कुणी बोललं की कान झाकायचं. समुपदेशक बाईंनी चित्रं काढायला दिली, मातीची भांडी करायला दिली. घरी आम्ही झोपताना आयतुल कुर्सी पढून दम करत होतो, ते सांगताना आम्ही जरा कचरलो. त्या म्हणाल्या, बंद करू नका, मुलाला त्याने शांत वाटतं ना? दोन्ही चालू राहिलं. काही महिने औषध, काही महिने फक्त भेटी. रात्री-अपरात्री मोठ्यांना स्वतःलाच सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानस नंबर आहे, २०२२ मध्ये सुरू झालेला, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. मुलाच्या बापाने तो दोनदा लावला आहे. हे त्यानेच लिहायला सांगितलं, कारण मर्दाने रडायचं नाही अशी आपल्याकडे शिकवण आहे.

मुलगी असेल तर सखी वन स्टॉप सेंटर हे आणखी एक दार आहे. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन, गरज पडली तर थोडे दिवस निवारा, एका छताखाली. ते बायकांसाठी आणि मुलींसाठी आहे. मुलग्यासाठी मात्र बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडेच जावं लागतं. हा कक्ष महिला व बालविकास खात्याचा असतो.

पैशांचं बोलायला आम्हाला सगळ्यात जास्त शरम वाटली, आणि घरात भांडणही याच्यावरूनच झालं. महाराष्ट्र सरकारची मनोधैर्य योजना २०१३ च्या ऑक्टोबरपासून आहे. काही प्रकरणांत दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मोठा हिस्सा मुदत ठेवीत ठेवतात. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. याशिवाय विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकतं. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी मुलाचं नुकसान झालं असेल तर भरपाई देता येते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती वेगळी रक्कम सुचवू शकते. घरातले एक बुजुर्ग म्हणाले, ही इज्जतीची किंमत आहे, घेऊ नका. आम्ही दोघं दोन बाजूला झालो. शेवटी पुन्हा त्याच मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, हात मोडला तर हाताची किंमत म्हणून कुणी इलाजाचे पैसे घेत नाही, इलाजासाठी घेतो. ही मुलाची अमानत आहे, तुम्ही नाकारणारे कोण? अर्ज केला. फी न देता वकील हवा असेल तर तोही याच प्राधिकरणाकडून मिळतो, नंबर १५१००.

कोर्टात मुलाची साक्ष झाली. विशेष न्यायालयात हे काम बंद दाराआड चालतं. आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची व्यवस्था करतात. वकिलांना प्रश्न थेट मुलाला विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात. दमलं तर मुलाला मध्ये विश्रांती मिळते. साक्षीच्या आठवडाभर आधी ताई मुलाला रिकामी खोली दाखवून आल्या. मुलाने तिथे तीन प्रश्न विचारले: वो किधर बैठेंगे, अम्मी किधर बैठेगी, और पानी की बोतल ले जा सकते क्या. तिन्ही उत्तरं मिळाल्यावर त्या रात्री ते झोपलं. खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवावा असं कायद्यात आहे. 'शक्यतो' हा शब्द किती लांब असतो ते तारखा पडायला लागल्या की कळतं.

मूल आता मक्तबला जातं. उस्तादांकडे आम्ही एकच मागणं केलं, सबक चालू असताना दार उघडं राहावं आणि कुठल्याही मुलाला एकटं थांबवू नये. त्यांनी त्याच दिवसापासून सगळ्या मुलांसाठी ते सुरू केलं, कारण विचारलं नाही. समुपदेशक बाईंकडे आधी दर आठवड्याला जात होतो, आता महिन्यातून एकदा. गादी कोरडी राहते. मोठा आवाज झाला की अजूनही कानावर हात जातात.

पुढची तारीख पुढल्या महिन्यात आहे. साक्ष झाली, आता मुलाने यायची गरज नाही, असं ताईंनी सांगितलं आहे. त्या दिवशी त्याच्या शाळेत चित्रकलेची परीक्षा आहे. कोर्टात आम्ही दोघंच जाऊ.